गिअर सटकला नव्हता

आमच्या भाऊबंदकीत एक गोष्ट दर श्रावणात सांगितली जाते. कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या खायला, सगळे जमले, पोटं भरली, पुरुष ओट्यावर पाय पसरून बसले की कोणीतरी सुरू करतो. विसरवाडीच्या त्या मिस्तरीने आमच्या मोटारीत कुठला तरी भंगारातला गिअरबॉक्स बसवला, कोंडाईबारीच्या घाटात गिअर आपोआप सटकला, गाडी उतारावर सुटली, आणि सरांनी हिंमत करून ती डोंगराला घातली म्हणून दोघे भाऊ वाचले. त्यातला सर म्हणजे मी. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो.

ही गोष्ट खोटी आहे. ती पहिल्यांदा मी सांगितली, म्हणून मला माहीत आहे.

गिअर सटकला नव्हता. मी तो काढला होता. उतारावर डिझेल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रल केली होती. आमच्या भागात जो कोणी त्या घाटातून गाडी चालवतो, तो हे करतो. घाटमाथा आला की गिअर काढायचा आणि विसरवाडीपर्यंत फुकट उतरायचं. त्याला आम्ही हुशारी म्हणतो. गुरुत्वाकर्षण शिकवणारा माणूसही हेच करत होता.

पण नीट सांगायचं तर गाडीपासून सांगितलं पाहिजे.

गाडी वडिलांची. पांढरी, फुगीर पाठीची, डिझेलची. तिचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यालाच होता, डाव्या हाताला. त्यामुळे पुढचं सीट सलग आणि त्यावर तिघं मावायचे. मी चालवायचो, मोठा भाऊ खिडकीशी आणि आई आमच्या दोघांच्या मधे. भावाला गाडी येत नव्हती. त्याला शेती येत होती, मला नोकरी होती, आणि गाडी आमच्या कोरीट गावच्या घरी दोघांची होती.

हायवेवरचे ट्रक मोठे होत गेले आणि आमची गाडी मागे पडत गेली. चार गिअर. तिसरा टाकला की खालून किंचाळायचा. सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा कोणीतरी विसरवाडीच्या मिस्तरीचं नाव सुचवलं.

त्याला गरीब बिचारा समजू नका. तो तोंडाळ होता. गिऱ्हाइकाला न विचारता गाडी खोलायचा, मग त्यालाच रागवायचा. घरी कोकणी, म्हणजे आमच्याकडच्या डोंगरातल्या आदिवासींची बोली, बोलायचा आणि आमच्याशी आमच्या अहिराणीत, तीही ठसक्यात. गाडीचा एक फेरा मारून आला आणि दार आपटून म्हणाला,

"सर, ही गाडी शे का तमाशानी पेटी? तिसरा गिअर टाका तं गानं म्हनस."

"मग काय करायचं?"

"दुसरा गिअरबॉक्स टाकू. पाच गिअरना. मन्हाकडे एक शे, ठोकेल गाडीना, पन डब्बा एकदम चांगला." मग गाडीत बसलेल्या आईकडे बघून म्हणाला, "पन आक्का, गिअर खाले यी, पत्रामझून. तुम्हनी जागा जाई."

आई म्हणाली, "मांगे बसाडशात तं मी येवाव नई." नंतर ती मागेच बसली आणि प्रत्येक खड्ड्याला मिस्तरीचा उद्धार करत राहिली.

काम बरेच दिवस चाललं. मी शाळा सुटली की बसने जायचो आणि बघत उभा राहायचो. नवा डबा जुन्यापेक्षा लांब निघाला. त्याला खालून धरायला लोखंडी पट्टी नव्याने करावी लागली. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट त्यामुळे लांब पडला, तो नंदुरबारला लेथवर कापून जोडून आणला. क्लचप्लेटचे दाते जुळेनात. दोन-तीन प्लेटा आणल्या, परत केल्या, दुकानदाराशी भांडण झालं. शेवटी पुढच्या सीटखालचा पत्रा चौकोनी कापला आणि त्यातून गिअरची काळी दांडी वर आली. स्टेअरिंगजवळची जुनी दांडी त्याने काढून माझ्या हातात दिली. "वडीलनी याद ठेवा," म्हणाला.

मी गाडी चालवून पाहिली. पाचवा गिअर टाकला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, हे खरं आहे आणि तेही लिहिलं पाहिजे.

निघताना मिस्तरी खिडकीशी आला. तिथे त्याच्या-माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"सर, डोकं लगेच शिकी जास, हातले टाइम लागस. महिनाभर घाटमा जाऊ नका. आनि न्यूट्रल तं बिलकुल मारू नका. गिअरबॉक्स नवा शे, पन ब्रेक तुम्हना वडीलना वखतनाच शेत."

मी हो म्हणालो. मास्तर लोक हो म्हणतात तसं.

महिना व्हायच्या आत मी आणि भाऊ दहिवेलला एक स्थळ बघायला गेलो. परत येताना घाटमाथ्यावर मी गाडी न्यूट्रल केली. भाऊ बोलत होता, मुलीचे वडील कसे, शेत किती. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मी गिअर काढताना त्याने पाहिलं, हे मला पक्कं माहीत आहे, कारण तो बोलता बोलता हसला आणि म्हणाला, "वाचाड डिझेल, वाचाड."

एका वळणानंतर ब्रेक मऊ लागला. पुढच्या वळणाला पाय खाली गेला आणि काहीच झालं नाही. आता गिअर टाकायला हवा होता. आणि माझा डावा हात स्टेअरिंगच्या दांड्याकडे गेला. जिथे गिअर नव्हता तिथे. मी हवेत मूठ आवळली. परत आवळली. वर्षानुवर्षांची सवय होती ती, हाताला नवीन काही माहीतच नव्हतं. मग कळलं, खाली वाकून दांडी धरली, ढकलली, पण तोवर गाडीने इतका वेग घेतला होता की डबा नुसता कराकरा वाजला. मी डोंगराच्या बाजूला गाडी घातली.

मला खरचटलं. भावाचा मांडीचा सांधा गेला. तो त्यानंतर कायमचा लंगडला आणि औताला उभा राहू शकला नाही.

रस्त्यावर लोक जमले. त्यांत आमच्या ओळखीचे होते. कोणीतरी विचारलं, "सर, काय झालं?" आणि मी म्हणालो, "गिअर सटकला."

विचार करून म्हणालो असं नाही. तोंडातून आलं. पण दवाखान्यात मी ते पुन्हा म्हणालो, आणि तेव्हा विचार करायला भरपूर वेळ होता. भाऊ खाटेवर होता. चुलतभाऊ त्याच्यावर ओणवे झाले होते. एकाने विचारलं, "खरंच सटकना का?" भावाने माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे बघून म्हणाला, "हां. सटकना."

ते त्याने माझ्यासाठी केलं. पुढच्या सगळ्या आयुष्यात आम्ही दोघांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. लोक याला भावाचं प्रेम म्हणतील. मला त्याचा राग येतो. त्याने तेव्हा "नाही" म्हटलं असतं तर मी एक दिवस खाली मान घातली असती आणि सुटलो असतो. त्याने मला वाचवलं आणि कायमचं अडकवलं.

दुसऱ्या दिवशी आमचे भाऊबंद ट्रॅक्टरवर बसून विसरवाडीला गेले. मिस्तरीची हत्यारांची पेटी नालीत पालथी केली. त्याचं वाईस, ज्यात तो लोखंड धरायचा, ते उपटून ट्रॅक्टरमध्ये टाकलं आणि घरी आणलं. कशाला आणलं, कोणी सांगू शकत नव्हतं. ते आमच्या गोठ्याच्या भिंतीशी पडून होतं. मी रोज त्याच्याजवळून जायचो.

त्या दिवशी मी त्यांना थांबवू शकलो असतो. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. ट्रॅक्टर तिथूनच निघाला.

मिस्तरीचा धंदा बसला. सर खोटं बोलणार नाहीत, हा गावोगाव विश्वास. पोरांना शिकवणारा माणूस सांगतोय आणि समोर डोंगराकडचा एक तोंडाळ मिस्तरी, त्याचं कोण ऐकणार? त्याच्या हाताला यश नाही, असं लोक म्हणू लागले. गाड्या यायच्या थांबल्या. शेवटी तो नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर लागला. ज्याने एका गाडीचा डबा दुसऱ्या गाडीत बसवला, तो कोंबड्यांना खाद्य टाकणाऱ्या साखळ्या दुरुस्त करू लागला.

आणि आता सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट. ती गाडी नंदुरबारला ठोकूनठाकून सरळ केली. तिथल्या मिस्तरीने गिअरबॉक्समधलं तेल बदललं. एवढंच. डबा खोललासुद्धा नाही. तोच डबा, तोच शाफ्ट, तीच पट्टी. त्यानंतर त्या गाडीतून आम्ही किती लग्नांना गेलो. मागच्या सीटवर बसून माझे भाऊबंद त्या मिस्तरीला शिव्या द्यायचे, आणि त्यांच्या पायाखाली त्याने बसवलेला डबा निमूट फिरत असायचा. कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं, नंदुरबारवाल्याने नीट केलं. एकालाही शंका आली नाही. शंका यायला ती हवी असावी लागते.

भाऊ गेला. मी निवृत्त झालो, बायको गेली. तरी मी गप्प होतो. कारणं विचाराल तर भरपूर देऊ शकतो, आणि त्यांतलं एकही ऐकण्याच्या लायकीचं नाही.

मग गेल्या वर्षी मिस्तरीची मुलगी आमच्या घरी आली. विसरवाडीला हायवेलगत आमचे दोन गाळे आहेत, एक भावाच्या मुलाकडे, एक माझ्या नावावर. दोन्हींचं पुतण्याच बघतो. मुलीने आयटीआय केलेलं, सुरतेला एका मोठ्या गॅरेजात काम केलेलं. आता स्वतःचं टाकायचं म्हणत होती. बापाला कोंबड्यांतून बाहेर काढायचं म्हणत होती, हे तिने सरळ सांगितलं.

पुतण्याने चहा दिला, नाव-गाव विचारलं. बापाचं नाव ऐकलं आणि कप खाली ठेवला.

"तुला माहीत आहे का, तुझ्या बापाने माझ्या बापाचा पाय घालवला?"

"मला माहीत आहे ते तसं नाही," मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही. "पण तुम्ही गाळा देणार नसाल तर तसं सांगा."

"नाही देणार."

मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. हातात बशी होती. ती उठली, मला नमस्कार करून गेली. मला. मी बशीतला चहा पिऊन टाकला. त्या चहासाठी मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. घाटात घाबरलो होतो म्हणावं तर त्या खुर्चीत कशाची भीती होती?

कानबाई आली. आमच्याकडे रोटाचे गहू पुरुषांच्या नावाने काढतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, पाळण्यातल्या मुलाचीसुद्धा. ते रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. संपेपर्यंत आपणच खायचे. जेवणं झाली, ओट्यावर गोष्ट सुरू झाली. सांगणारा चुलतभाऊ घाटाच्या वळणाशी आला तेव्हा मी म्हणालो,

"गिअर सटकला नव्हता. मी न्यूट्रल केली होती."

कोणीतरी हसलं, मी गंमत करतोय असं वाटून. मी सगळं सांगितलं. हवेत आवळलेली मूठही सांगितली.

पुतण्या म्हणाला, "काका, मन्हा बापनी स्वतः सांगेल शे, सटकना म्हनीसन. मंग तो खोटं बोलना का?"

"बोलना. मन्हासाठे बोलना."

"त्यान्हा पाय गया, आनि तुम्ही आते त्याले खोटाबी ठरावतस?"

त्याचं चुकलं नव्हतं. मी जे सांगत होतो त्याने त्याचा मेलेला बाप खोटा ठरत होता, आणि ट्रॅक्टरवर बसून गेलेला प्रत्येक जण गुंड ठरत होता. एका वाईट मिस्तरीत सगळ्यांची सोय होती. ज्या चुलतभावाने वाईस उपटलं होतं, तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "वय व्हयनं तुन्हं. रोट खा आनि उगा ऱ्हा." बाकीचे त्यावर हसले. बायका आत भांडी घासत होत्या, त्यांनी ऐकलं असणार. कोणी बाहेर आलं नाही.

रोटासारखंच झालं. घरात करायचं, घरातच संपवायचं, बाहेर कण जाऊ द्यायचा नाही.

त्या आठवड्यात मी गाडी काढली. चुलतभावाच्या सालदाराला सांगून वाईस डिकीत चढवलं आणि नवापूरला गेलो. मिस्तरी शेडच्या बाहेर खाटेवर बसला होता. म्हातारा झाला होता, पण मला ओळखून त्याने पहिल्यांदा गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजून चाली ऱ्हायनी?"

"चालते."

"डब्बा?"

"तोच आहे."

मी सांगू लागलो. त्याने हात वर केला.

"मले काय सांगतस सर? मी खोलनारा मानूस शे, मले मालूम नई का? त्याच आठवडामा समदा बाजारले सांगं मी, सरनी न्यूट्रल मारी व्हती म्हनीसन. कोन आयकस?" त्याने थुंकून घेतलं. "मी गप बसनू, असं वाटनं तुम्हले?"

खरंच, मला तसंच वाटत होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की तो गप्प राहिला, आणि त्याबद्दल मनात त्याला मोठेपणा देत होतो. तो ओरडला होता. आम्ही ऐकलं नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"आठे मन्हा कानमा सांगीसन मी काय करू? हायवेनी ज्या चानी टपरीवर लोकेस्नी ते आयकं, तठे जाई सांगा. बाजारना दिन. आनि ते वाईस उतारा आधी, मन्हं शे ते."

मी बाजारच्या दिवशी विसरवाडीला गेलो. हायवेच्या त्या चहाच्या टपरीवर आता मुलगा बसतो, बाप नाही. गाडी समोर लावली आणि उभ्याने सांगितलं, वर्गात सांगायचो तसं, मोठ्याने. निम्म्यांना काही कळलं नाही. काही जण मोबाइलमध्ये बघत राहिले. एका ट्रकवाल्याने विचारलं, "तो अब क्या हुआ?" एका म्हाताऱ्याला मात्र आठवत होतं. तो म्हणाला, "आमीबी गाड्या नेवाना बंद करी दिध्या त्याकडे," आणि नजर फिरवून चहा मागवला. त्याच्याही अंगावर थोडं आलं होतं, ते त्याला आवडलं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्याला वाईट वाटलं याचं मला बरं वाटलं.

तिथून मी माझ्या नावावरच्या गाळ्याचं कुलूप उघडलं आणि मिस्तरीच्या मुलीला बोलावून किल्ली दिली. हे मी त्याच दिवशी करू शकलो असतो, ज्या दिवशी ती चहा न पिता गेली. गाळा माझाच होता. मला फक्त घरच्यांची परवानगी हवी होती, या वयात.

पुतण्याने बोलणं सोडलं. यंदा श्रावणात कानबाईचे गहू काढले तेव्हा माझ्या नावाची मूठ काढली नाही. शेजारच्या घरातून कळलं. आमच्यात ज्याची मूठ निघत नाही तो मेलेला असतो. राग आला, फार राग आला. माझ्या बापाच्या घरात मला मेलेला धरायला हे कोण? मग आठवलं, मिस्तरीची मूठ आम्ही सगळ्या बाजारातून काढून टाकली होती, आणि तो तर काही न करता.

रोटांच्या दिवशी मी गाडी घेऊन विसरवाडीला गेलो. क्लच घसरत होता. मुलीने गाडी वर चढवली आणि डबा खाली उतरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गाळ्याच्या मधोमध पोत्यावर तो काळा, तेलकट डबा ठेवला होता. मिस्तरी स्टुलावर बसून मुलीला सूचना करत होता, आणि ती, "बाबा, मला येतं," म्हणत होती. वाईस भिंतीशी पक्कं बसवलं होतं.

एक जण मोटारसायकल घेऊन आला. चेन सैल झाली होती. मिस्तरीने त्याला आधी आत बोलावलं.

"देख, हा डब्बा. काय व्हयेल शे याले? काहीच नई." मग माझ्याकडे वळला. "सर, सांगा याले."

मी सांगितलं.

थोड्या वेळाने एक टेम्पोवाला आला, हवा भरायला. त्यालाही आत बोलावलं.

"सर, यालेबी सांगा."

राग होताच, घरच्यांचा आणि त्याचाही. पण मी उठून डब्याजवळ गेलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.